कागद विकणाऱ्याचा, अक्षर घेणाऱ्याचे

एडमंटनमध्ये राहणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांनी कधी ना कधी एक अर्ध्यापाऊण पानाचा कागद भरलेला असतो. जुनी गाडी विकायची, नाहीतर घ्यायची. विकणाऱ्याचे नाव-पत्ता, घेणाऱ्याचे नाव-पत्ता, गाडीचे साल, मेक, तो सतरा अक्षरांचा व्ही.आय.एन., किंमत, तारीख आणि खाली सह्या. झाले बिल ऑफ सेल! नंबरप्लेट विकणाऱ्याने काढून घरी न्यायची, कारण अल्बर्टात ती गाडीची नसून माणसाची असते. पुण्यात स्कूटर विकताना आर.सी. बुक, फॉर्म २९, फॉर्म ३०, आर.टी.ओ.तला एजंट आणि त्याचा चहा हे सर्व पाहिलेल्या माणसाला हा व्यवहार इतका सुटसुटीत वाटतो की त्यात काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही.

इतिहास आहे, आणि तो बराच जुना आहे. त्यातला एक मोठा भाग तर आपण राहतो त्याच गावात घडलेला आहे.

आधी एका शब्दाविषयी. इंग्रजी कायद्यात ज्याला पर्सनल प्रॉपर्टी म्हणतात त्याला आपल्याकडे फार सुंदर नाव आहे : जंगम. जी हलत नाही ती स्थावर, जी हलते ती जंगम. गाय, भांडी, दागिने, धान्य, कर्जरोखा, आजची गाडी, शेअर्स ही सगळी जंगम मालमत्ता. जमीन पळून जात नाही, त्यामुळे तिच्या मालकीचा वाद शंभर वर्षांनीही जागेवर जाऊन पाहता येतो. जंगम वस्तू मात्र ज्याच्या हातात असेल त्याची वाटते. म्हणून जगातल्या बहुतेक कायद्यांनी जंगमाच्या विक्रीला कागदाची सक्ती केली नाही. वस्तू दिली, पैसे घेतले, संपले. भारतात १९३० च्या सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्टप्रमाणे आजही जंगम वस्तू विकायला लेखी करार लागत नाही. १८८२ च्या ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टप्रमाणे जंगमाची भेट नोंदणी केलेल्या बक्षीसपत्राने देता येते, नाहीतर नुसती हातात देऊनही पुरी होते. आपल्या आईने निघताना पाटल्या काढून सुनेच्या हातात घातल्या असतील तर तो कायद्याने पुरा झालेला व्यवहार होता; साक्षीला फक्त विमानाची वेळ होती. त्या पाटल्या एखाद्या कागदावर पहिल्यांदा आल्या असतील त्या इथल्या कस्टम्सच्या काउंटरवर, नव्या स्थलांतरितांनी सामानाची जी यादी द्यायची असते तिच्यात.

मग कागद आला कशासाठी? दोन कारणांसाठी. एक, वस्तू चोरीची नाही हे दाखवण्यासाठी. दोन, वस्तू विकली पण ती विकणाऱ्याच्याच घरी राहिली, तेव्हा.

पहिल्या कारणाचा विचार आपल्या धर्मशास्त्रकारांनी बारकाईने केलेला आहे. खटल्यांचे जे अठरा विषय मनुस्मृतीत सांगितले आहेत त्यांत अस्वामिविक्रय, म्हणजे मालक नसताना केलेली विक्री, हा एक स्वतंत्र विषय आहे. याज्ञवल्क्य म्हणतो की मालकाला आपली वस्तू कोणाकडेही सापडली तरी परत मिळावी. उघडपणे न घेणारा खरीददार दोषी, आणि ज्याच्याकडे अशी वस्तू असण्याचे कारण नाही अशाकडून, एकांतात, फार कमी किमतीला किंवा अवेळी घेणारा चोरच समजावा. या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आज बिदर जिल्ह्यात असलेल्या बसवकल्याणला, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात लिहिली.

आता याच्या शेजारी इंग्लंडचा एक खटला ठेवून पाहा. तिथे मार्केट ओव्हर्ट नावाचा जुना नियम होता : उघड्या बाजारात, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, प्रामाणिकपणे घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी घेणाऱ्याची. लंडनच्या एका जुन्या बाजारात चोरीच्या दोन झुंबरवजा मेणबत्तीदान्या विकल्या गेल्या आणि प्रकरण १९७३ मध्ये अपील कोर्टापर्यंत गेले. निकाल कशावर लागला? तर विक्री पहाटे, सूर्य उगवायच्या आधी झाली होती यावर! मूळ मालक जिंकला. याज्ञवल्क्याच्या अवेळीची आठवण व्हावी असाच हा निकाल आहे. तो नियम इंग्लंडने १९९५ पासून रद्द केला.

कागद कसा असावा हेही याज्ञवल्क्याने सांगितले आहे. वर्ष, महिना, पक्ष, तिथी, दोघांची नावे, बापांची नावे; ऋणकोने स्वतःच्या हाताने मान्यता लिहावी, साक्षीदारांनी आपापली नावे घालावीत आणि शेवटी लेखकाने हे मी लिहिले असे नमूद करावे. मोडीतली खरेदीखते, गहाणखते, फारखती ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा साचा ओळखीचा वाटेल. आत्मसंतोषे लिहून दिले, पुढे हरकत करणार नाही, साक्ष अमुक, दस्तुर तमुक. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या नावापुढे निशाणी. कुणब्याचा नांगर हा त्यातला सर्वात परिचित. नांगराचे ते छोटे चित्र पाहिले की कौतुक वाटते, पण वरचा सगळा मजकूर त्या माणसाला वाचता येत नव्हता हीही गोष्ट त्याच चित्रात आहे. याज्ञवल्क्याने यासाठी एक पळवाट बुजवून ठेवली होती. स्वहस्ताने लिहिलेला लेख साक्षीदारांशिवायही प्रमाण, मात्र तो बळाने किंवा कपटाने करून घेतलेला नसावा.

(इथे एक कडू गोष्ट नोंदवली पाहिजे. जंगम मालमत्तेच्या विक्रीच्या कागदांत माणसेही आहेत. पेशवाईत कुणबिणींची खरेदीविक्री चाले आणि सरकार त्यावर जकातही घेई. भारतात गुलामीला कायद्याचा आधार राहणार नाही असे १८४३ च्या अ‍ॅक्टने ठरले. कॅनडातही, आजच्या ओंटारिओत, १७९३ चा कायदा नव्या गुलामांची आयात बंद करणाराच होता. जे आधीच कोणाचे होते ते तसेच राहिले. तिथेही विक्रीचे कागद होते.)

दुसरे कारण अधिक गमतीचे. १६०१ सालचा ट्वाइनचा खटला इंग्लंडच्या स्टार चेंबरपुढे चालला. हॅम्पशायरमधला पिअर्स नावाचा शेतकरी दोघांचे देणे लागत होता, ट्वाइनचे चारशे पौंड आणि दुसऱ्याचे दोनशे. दुसऱ्याने दावा लावला, तेव्हा पिअर्सने गुपचूप आपली सगळी चीजवस्तू ट्वाइनला लिहून दिली. पण मेंढ्या होत्या तिथेच राहिल्या! पिअर्सच त्यांची लोकर कातरत होता, त्यांच्यावर आपल्याच खुणा करत होता. शेरीफ जप्तीला आला तेव्हा कागद पुढे आला की हे सगळे ट्वाइनचे. कोर्टाने तो व्यवहार लबाडीचा ठरवला, आणि लबाडी ओळखायच्या खुणाही सांगितल्या : सगळेच देऊन टाकणे, गुपचूप देणे, दिल्यावरही आपणच वापरणे. गावातल्या सोसायटीचे कर्ज थकल्यावर ट्रॅक्टर मेव्हण्याच्या नावावर करणारे लोक आपण पाहिलेले आहेत. पिअर्स त्यांचा पूर्वज.

त्यातूनच पुढे, १८५४ मध्ये, इंग्लंडने बिल्स ऑफ सेल अ‍ॅक्ट केला. वस्तू विकणाऱ्याच्याच ताब्यात राहणार असेल तर कागद सरकारी दप्तरात नोंदवा म्हणजे इतर धनको फसणार नाहीत. मग १८७८ चा कायदा, आणि १८८२ चा, जो खास गरीब कर्जदारांसाठी होता. कारण तोपर्यंत सावकारांनी हा कागद वेगळ्याच कामाला लावला होता. कर्ज द्यायचे, आणि कर्जदाराकडून घरातले सामान विकल्याचा कागद लिहून घ्यायचा. नाव विक्रीचे, काम गहाणाचे. अल्बर्टातही १९०५ ला प्रांत झाल्यानंतर बिल्स ऑफ सेलचा कायदा दीर्घकाळ होता. १ ऑक्टोबर १९९० पासून पर्सनल प्रॉपर्टी सिक्युरिटी अ‍ॅक्ट आला आणि अशा सगळ्या बोज्यांची एकच संगणकावरची नोंदवही झाली. म्हणून सांगून ठेवतो : जुनी गाडी घेताना विकणारा कितीही सज्जन असला तरी कोणत्याही रजिस्ट्री ऑफिसात व्ही.आय.एन. देऊन शोध घ्या. बिल ऑफ सेलवर विकणाऱ्याची सही असली म्हणून बँकेचा बोजा उतरत नाही, तो गाडीबरोबर तुमच्या गॅरेजमध्ये येतो.

नाव विक्रीचे आणि काम गहाणाचे, हे वाचून दख्खनची आठवण व्हायलाच हवी.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात सुपे गावी बाजाराच्या दिवशी आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. नंतर हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरले. या दंग्याचे वैशिष्ट्य असे की लोकांना माणसे मारायची नव्हती. त्यांना कागद हवे होते. कर्जरोखे, खते, वह्या मागायच्या, मिळाल्या की पेटवायच्या. जिथे सावकाराने मुकाट्याने काढून दिल्या तिथे पुष्कळदा पुढे काही झाले नाही. सरकारने नेमलेल्या कमिशनलाही हे स्पष्ट दिसले.

या कागदांबद्दल एवढा राग का? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला होता तो युद्ध संपताच पडला, आणि सारा मात्र नव्या आकारणीत वाढला, ही कारणे शाळेत शिकलेली आहेत. कागदाचे कारण शाळेत क्वचितच सांगतात. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता, सावकाराने कर्ज अनंत काळ लोंबकळत ठेवू नये. झाले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा करून घेऊ लागला. जुने मुद्दल, त्यावरचे व्याज, सगळे मिळून नवे मुद्दल. खाली नांगराची निशाणी. लिहिणारा सावकाराचा, साक्षीदार सावकाराचे, आणि दिवाणी कोर्टात प्रश्न एकच : ही निशाणी तुझी का? होय म्हटले की हुकूमनामा.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या दंग्यातून आला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्याची दोन कलमे मला फार मोलाची वाटतात. शेतकऱ्याने करून दिलेला दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारसमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे, म्हणजे लेखणी सावकाराच्या घरातून बाहेर आली. आणि दुसरे, कोर्टाने रोख्यावर थांबू नये, व्यवहाराच्या अगदी सुरुवातीपर्यंत मागे जाऊन हिशेब उकलावा. सही आहे, निशाणी आहे, तरी आम्ही मागे जाऊन पाहू, असे म्हणणारा कायदा त्या काळात इंग्रजी करारशास्त्रात वाढलेल्या न्यायाधीशांना जवळजवळ पाखंड वाटला असणार. दाव्यांच्या मुदतीही वाढवल्या, म्हणजे दर तीन वर्षांनी रोखा फिरवायला निमित्त उरू नये.

सावकार हुशार. त्यांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि पैसे फेडलेस की परत देईन असे तोंडी सांगायचे. मग पुन्हा दुरुस्ती, कागदावर विक्री लिहिली असली तरी ते मुळात गहाण होते हे सिद्ध करायला तोंडी पुरावा चालेल अशी. कायदा आणि कागद यांची ही पकडापकडी पुढेही चालूच राहिली. (अंगठ्याचा ठसाही याच शतकातला, विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालमध्ये एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा पंजा उठवून घेतला तो त्याचा आरंभ.)

आता त्याच सुमाराचे एडमंटन.

१८७० मध्ये हडसन्स बे कंपनीचा अफाट मुलूख कॅनडाकडे आला. त्यात मेटी लोक होते. युरोपीय व्यापारी आणि क्री वगैरे मूळ रहिवासी यांच्या संबंधांतून तयार झालेला, स्वतःची भाषा आणि स्वतःची ओळख असलेला समाज. जमिनीवरचा त्यांचा हक्क संपवण्यासाठी सरकारने एक कागद काढला, त्याचे नाव स्क्रिप. वायव्येतल्या मेटींसाठी कमिशने १८८५ पासून फिरू लागली. स्क्रिप दोन प्रकारचे : जमिनीचे, म्हणजे इतक्या एकरांचे, आणि पैशाचे, म्हणजे इतक्या डॉलरचे, जे सरकारी जमीन घेताना पूर्ण किमतीला चाले. रकमा साधारण १६० किंवा २४०, एकर असोत वा डॉलर.

इथे आपला स्थावर-जंगम भेद कामाला येतो. सरकारी खात्याने जमिनीचे स्क्रिप स्थावर धरले आणि पैशाचे स्क्रिप जंगम. जंगम म्हणजे हातोहात जाणारे. त्यावर लिहिलेले असे की जो हजर करील त्याला. आपल्या पेढीवाल्यांची शाहजोग हुंडी आठवा. तीही हातोहात फिरे, पण पैसे द्यायचे ते ओळखीच्या, पतवाल्या शाहूलाच, त्यामुळे चोराला ती वटवणे सोपे नव्हते. पैशाच्या स्क्रिपला असा कोणी शाहू नव्हता. कमिशनच्या तंबूच्या शेजारीच खरेदीदारांचे तंबू लागत. ज्याला जमीन नांगरायची सवय नाही, ज्याच्या घरात हिवाळ्याची बेगमी नाही, त्याने दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी कमी रोखीत तो कागद विकून टाकला यात नवल नाही.

१८९९ चा प्रसंग तर विचार करायला लावणारा आहे. आठव्या कराराच्या वेळी लेसर स्लेव्ह लेकला कमिशन गेले तेव्हा सरकारने मुद्दाम असे स्क्रिप छापून नेले होते की ते दुसऱ्याला लिहून देता येणार नाही. हेतू मेटींचे रक्षण. मेटींनी ते घेण्याचे नाकारले. खरेदीदारांनी त्यांना फूस दिली हे खरे, पण नुसती फूस म्हणून हे सोडून देता येत नाही. माझ्या वस्तूचे मी काय करायचे हे सांगणारा तू कोण, हा प्रश्नही त्यात होता. जी वस्तू विकता येत नाही ती आपली कितपत? कमिशनने माघार घेतली आणि कागद धारकाच्या नावाचे झाले.

जमिनीचे स्क्रिप त्या मानाने अवघड होते. ते लिहून देता येत नसे. ज्याच्या नावाचे आहे त्याने स्वतः जमीन कचेरीत हजर होऊन जमीन निवडायची, मग ती विकायची. कागदावर नियम चोख. प्रत्यक्षात कचेरी शेकडो मैल दूर, आणि अधिकाऱ्याला माणूस ओळखीचा नाही. मग दुसराच कोणी त्या नावाने उभा केला जाई. मुखत्यारपत्रे, हक्कसोड, आणि सहीच्या जागी X. त्या X चे आणि नांगराच्या निशाणीचे नाते मला फार जवळचे वाटते, फक्त नांगर निदान ज्याचा त्याचा होता. X कोणाचाही असू शकतो.

एडमंटन हे या खरेदीचे एक मोठे केंद्र होते. जॉन मॅकडुगल आणि रिचर्ड सेकॉर्ड यांची मॅकडुगल अँड सेकॉर्ड ही पेढी त्यातली सर्वात नावाजलेली. मॅकडुगल १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये एडमंटनचे महापौर. सेकॉर्ड आधी शाळामास्तर, पुढे नॉर्थ-वेस्ट टेरिटरीजच्या विधानसभेत सभासद. शहराच्या उभारणीत दोघांचाही वाटा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. १९२१ मध्ये सेकॉर्ड यांच्यावर स्क्रिपच्या व्यवहारात तोतयेगिरी घडवल्याचा फौजदारी आरोप आला. तो कोर्टात खरा ठरला असता की खोटा, हे कळण्याची वेळच आली नाही. त्याच वर्षी ऑटावात क्रिमिनल कोडमध्ये एक दुरुस्ती झाली, सिनेटर जेम्स लॉहीड यांनी आणलेली : स्क्रिपने घेतलेल्या जमिनींबाबतच्या गुन्ह्यांना, गुन्हा घडल्यापासून, तीन वर्षांची मुदत. बहुतेक व्यवहार वीस-तीस वर्षांपूर्वीचे होते. खटला तिथेच संपला, आणि पुढचेही.

तीन वर्षे! सुप्यात जी मुदत कर्जदाराला वाचवायला आणली आणि त्याच्यावरच उलटली, तीच इथे दुसऱ्या बाजूने आली. तिकडे त्याच साम्राज्याच्या सरकारने दंगा झाल्यावर का होईना, कागदाच्या मागे जाऊन पाहायची मुभा कोर्टाला दिली. इकडे ते दारच लावून घेतले. मेटींनी कागद जाळले नव्हते, हा यातला फरक असावा असे मला राहून राहून वाटते.

आणि हे सगळे आपल्यापासून फार दूरचे आहे असे समजू नये. आपल्यापैकी कित्येकांची घरे मिल वुड्समध्ये आहेत. पापस्चेज या क्री टोळीने १८७७ मध्ये एडमंटनला सहाव्या करारावर मान्यतेची खूण केली, आणि त्यांच्यासाठी चाळीस चौरस मैलांच्या आसपास राखीव जमीन ठरली ती आजच्या आग्नेय एडमंटनमध्ये, मिल वुड्स धरून. उपासमारीची वर्षे होती. १८८६ मध्ये स्क्रिपचे कमिशन आले तेव्हा टोळीतल्या बऱ्याच जणांनी, खुद्द प्रमुखानेही, स्क्रिप घेऊन करारातून नाव काढून घेतले. म्हणजे हातात एक जंगम कागद आला आणि पायाखालच्या स्थावरावरचा हक्क गेला. उरलेले थोडे लोक दुसऱ्या राखीव क्षेत्रात गेले. १९ नोव्हेंबर १८८८ रोजी तीन पुरुषांनी जमीन सोडल्याचा कागद करून दिला आणि ती विक्रीला निघाली. शहराने मिल वुड्सची वस्ती उभारली ती १९७० च्या दशकात.

पापस्चेजच्या वंशजांनी सरकारवर दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि एप्रिल २००८ मध्ये निकाल लागला. जमीन सोडण्याचा १८८८ चा कागद योग्य रीतीने झाला होता का, या वादाच्या तळाशी कोर्ट गेले नाही. माहिती १९७० च्या दशकात उपलब्ध झाली होती, तेव्हाच यायला हवे होते, दावे मुदतीबाहेर. एकच मागणी कोर्टाने जिवंत ठेवली. जमीन विकून जे पैसे आले त्यांचे काय झाले याचा हिशेब मागता येईल, कारण हिशेब देण्याची जबाबदारी चालूच असते, तिला मुदत लागत नाही.